दहा रुपये भाड्याचं मत

आमच्या आजोबांच्या हिशेबात मुंबईत माणसांचे दोनच प्रकार होते: महिना दहा रुपये भाडं भरणारी आणि त्याहून कमी भरणारी. पहिल्यांना कॉर्पोरेशनचं मत होतं, दुसऱ्यांना नव्हतं. आजोबा अर्थातच दुसऱ्यांतले. ही विभागणी कायद्यातून केव्हाच पुसली गेली होती, पण मी दहा-बारा वर्षांचा असताना, म्हणजे १९७० च्या आसपाससुद्धा, ते सगळ्या जगाला तोच प्रश्न विचारायचे. निवडणूक आली, भिंतींवर चुना आणि गेरू चढला, नाक्यावर लाउडस्पीकर लागला, की आजोबा चाळीच्या गॅलरीत खुर्ची ओढून बसायचे आणि पत्रकं वाटायला आलेल्या पोराला म्हणायचे, "तुझ्या उमेदवाराचा आजा भाडं किती भरायचा रे?" पोरगं गोंधळून पत्रक हातात कोंबून पुढच्या खोलीकडे पळायचं. मग उरायचो आम्ही नातवंडं, आणि आमच्यापुढे एफ वॉर्ड सुरू व्हायचा.

एफ वॉर्ड आज आहे, पण तो पाणी, कचरा आणि जन्म-मृत्यूच्या दाखल्यांपुरता, आणि तोही दक्षिण-उत्तर अशा दोन तुकड्यांत. मतदानाचा वॉर्ड म्हणून तो संपला त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आमच्या घरात त्याची हकिगत सांगणारे तिघं होते: आजोबा, आजी आणि थोरले काका. तिघांच्या हकिगती कधी जुळल्या नाहीत. पुढे मी जुने कायदे, गॅझेटियर, गिरणगावावरची पुस्तकं चाळली तेव्हा लक्षात आलं, की तारखांच्या बाबतीत तिघंही कच्चे होते. कोणाला काय मिळालं आणि कोणाला नाही, याबाबत मात्र एकाचंही चुकलेलं नव्हतं.

१८८८ च्या महापालिका कायद्याच्या काळात मुंबई शहराचे सात वॉर्ड होते. ए म्हणजे कुलाबा-फोर्ट, बी मांडवी-डोंगरी, सी भुलेश्वर-धोबीतलाव, डी गिरगाव-वाळकेश्वर, ई भायखळा-माझगाव, एफ परळ-शिवडी-शीव आणि जी माहीम-वरळी. अक्षरं दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातात, आणि जुन्या मुंबईत मान व पैसा साधारण त्याच क्रमानं उतरत जायचा. (पुढे उपनगरं आली तेव्हा एच पासून टी पर्यंत अक्षरं वाढली. त्यात आय, जे, ओ आणि क्यू यांना मुंबईत जागाच मिळाली नाही. शहरात खोली न मिळालेल्यांची यादी करायची तर सुरुवात या चार अक्षरांपासून करावी.)

एफ तसा कायम शेवटच्या बाकावरचा नव्हता. परळला गव्हर्नरचा बंगला होता, आंब्यांच्या बागा होत्या, तलाव होता. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी त्या बंगल्यात कॉलऱ्यानं गेली, आणि पुढे गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार हिलला हललं. १८९६ ला प्लेग आला तेव्हा त्याच बंगल्यात रोग्यांच्या खाटा पडल्या आणि १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथं आली. आजोबा ही गोष्ट एका वाक्यात सांगायचे: "लाटसाहेब गेला नि धूर आला." हे काही खरं नव्हे. गिरण्यांचा धूर लाटसाहेब असतानाच यायला लागला होता, किंबहुना हवा बिघडल्याची तक्रार हेही बिऱ्हाड हलवण्यामागचं एक कारण होतं. पण आजोबांची कालगणना भोंग्यावर चालायची, तिला पंचांग लागत नसे.

कॉर्पोरेशनची गोष्ट मात्र मला पुस्तकातूनच कळली, कारण ती आमच्या माणसांच्या डोक्यावरून गेली होती. १८६५ च्या कायद्यानं आर्थर क्रॉफर्ड कमिशनर झाला. त्यानं शहर सुधारलं आणि तिजोरी रिकामी केली. कर भरणारे चिडले, १८७१ मध्ये मोठी ओरड झाली आणि १८७२ च्या कायद्यानं चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यातले निम्मे, बत्तीस, करदात्यांनी निवडायचे. सोळा जस्टिस ऑफ दि पीस, म्हणजे सरकारनं तो मान दिलेल्या बड्या मंडळींनी, निवडायचे आणि सोळा सरकारनं नेमायचे. मत कोणाला? वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्याला. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ होती. त्यातल्या पन्नास रुपयेवाल्यांचा मेळावा भरवायला फार मोठं मैदान लागलं नसतं. १८८८ मध्ये ही मर्यादा तीस रुपयांवर आली आणि सभासद बहात्तर झाले. त्यातले छत्तीस वॉर्डांतून, सोळा जस्टिसांकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून, दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि सोळा सरकारनियुक्त.

जस्टिसांचा हा मतदारसंघ म्हणजे जमीन नसलेला वॉर्ड. त्याला गल्ली नाही, गटार नाही, नळ नाही. तरी मुंबईची सगळ्यांत गाजलेली निवडणूक झाली ती तिथंच. १९०७ मध्ये काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि संपादकांनी कट करून सोळा जणांची यादी बनवली, हेतू एकच, फिरोजशहा मेहतांना पाडायचं. ज्या माणसानं १८८८ चा कायदा घडवला तो मतमोजणीत सतरावा आला! पुढे निवडून आलेल्यांतला एक जण कॉर्पोरेशनच्या कंत्राटाशी संबंध असल्यामुळे अपात्र ठरला आणि फिरोजशहा आत आले. बोरीबंदरसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांच्या पाठीमागची कॉर्पोरेशनची ती प्रचंड इमारत १८९३ सालची. आजोबा तिला "आपलं हापिस" म्हणायचे, पण तिची पायरी चढल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही.

आजोबा मुंबईत आले १९२५ च्या सुमारास. रत्नागिरीकडून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि डोक्यावर ट्रंक घेऊन चालत लालबागला गावच्या गाळ्यात आले. गावाचा गाळा म्हणजे गावातल्या मंडळानं भाड्यानं घेतलेली खोली. तीसएक माणसं, तेवढ्याच ट्रंका, भिंतीला खुंट्या आणि पाळीपाळीनं अंग टाकायचं. रात्रपाळीचा उठला की त्याच्या वळकटीच्या जागेवर दिवसपाळीचा. जेवण खानावळीत, हिशेब पगाराला. भाडं सगळ्यांत वाटून घ्यायचे, पण पावती फाडली जायची ती मंडळाच्या म्होरक्याच्या नावानं.

इथं दहा रुपये येतात. १९२२ मध्ये कायदा बदलला. जस्टिसांचा मतदारसंघ गेला, कॉर्पोरेशन १०६ जणांची झाली, त्यातले ७६ वॉर्डांतून. आणि पहिल्यांदाच, कर न भरणाऱ्या पण महिना दहा रुपये भाडं देणाऱ्या भाडेकरूला मत मिळालं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या दृष्टीनं ही मोठीच सुधारणा. होतीही. बायकांना आत यायला वाट मिळाली. सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांची नावं तेव्हापासून कॉर्पोरेशनमध्ये दिसतात. गिरगावातला, दादरचा कारकून मतदार झाला. लालबाग मात्र बाहेर राहिलं. विसाच्या दशकातल्या पाहण्या सांगतात की मुंबईतली बहुतेक सगळी कामगार कुटुंबं, शंभरातली सत्त्याण्णव, एकाच खोलीत राहत. आणि आजोबांच्या आठवणीप्रमाणे त्या खोलीचं भाडं चार, पाच, फार तर सहा रुपये. त्यात १९१८ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जानेवारी १९१६ च्या पातळीवर गोठवून टाकलेली. म्हणजे ज्या कायद्यानं कामगाराचा खिसा वाचवला त्यानंच त्याला दहा रुपयांच्या खाली धरून ठेवलं. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण गिरणगावातून निवडून जाणाऱ्याला गिरणगावाच्या मताची गरज नसावी, ही सोय कोणाला तरी बरी वाटली असणार.

कारण एफ वॉर्डात मतं नव्हती असं नाही. प्लेगनंतर, १८९८ ला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं शहराच्या उत्तरेला दादर-माटुंगा योजना आखली: रुंद रस्ते, फाइव्ह गार्डन्स, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. तिथं स्वयंपाकघर वेगळं, न्हाणी वेगळी आणि भाडंही तसंच. तीही वस्ती एफ वॉर्डातच. एकाच अक्षराखाली वरच्या अंगाला मतदार राहत आणि खालच्या अंगाला भोंगे वाजत. आजोबांचं वाक्य होतं, "मत माटुंग्याला, धूर लालबागला." पुढे कारभारासाठी वॉर्डाचे दोन भाग झाले तेव्हा साधारण तीच रेघ पडली. एफ उत्तरेत माटुंगा-शीव-वडाळा आणि एफ दक्षिणेत परळ-लालबाग-शिवडी.

याच वॉर्डात, परळच्या पोयबावडीला, ट्रस्टनं बांधलेल्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसएक वर्षं दोन खोल्यांत राहिले. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मताधिकाराची पातळी खाली आणा असा आग्रह धरला, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे तर प्रत्येक सज्ञान माणसाला मत द्या अशी सरळ मागणी केली. मताला भाडेपावती कशाला लागते, हा प्रश्न त्यांना पुस्तकात शोधावा लागला नव्हता. जिना उतरला की तो समोर उभा असायचा. आजोबा त्यांना लांबून बघितल्याचं सांगत, "हातात पुस्तकांचा गठ्ठा आणि चाल भराभर," एवढंच. आमच्या चाळीत तेव्हा जातीची रेघ भाड्याच्या रेघेहून जाड होती, हे आजोबा सांगत नसत. ते आजीनं सांगितलं.

मग १९२८ चा संप. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. आजोबा अठरा वर्षांचे, बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजावर उभं राहायचं आणि जॉबरनं बोट दाखवलं तर आत जायचं. संपात ते प्रभादेवीच्या नागू सयाजीच्या वाडीत सभेला चालत जात. तिथं डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर हे कम्युनिस्ट पुढारी बोलायचे. व्यासपीठावर गिरणीतलेच आळवे आणि कासलेही असायचे, याचं आजोबांना भारी अप्रूप. पुढच्याच वर्षी, मार्च १९२९ मध्ये, यातली बरीच मंडळी मीरत कटाच्या खटल्यात पकडली गेली. दीड लाख माणसं सहा महिने गिरण्या बंद ठेवू शकत होती, पण त्यांच्यातली फारच थोडी कॉर्पोरेशनचा सभासद निवडू शकत होती. मला हा विरोधाभास वाटे. आजोबांना वाटत नसे. ते म्हणत, "मत नव्हतं म्हणून तर वाडीत जमायचो." या वाक्याकडे मी लहानपणी दुर्लक्ष केलं. आता वाटतं, एफ वॉर्डाचा सगळा इतिहास त्यात आहे.

याचा दाखला म्हणून लालबागच्या बाजाराची हकिगत सांगतो. ती आजीची आवडती. पेरू चाळीजवळ बाजार भरायचा, मासळी, भाजी, सगळं. १९३२ मध्ये तो बंद पडला. कोळणी आणि विक्रेते उघड्यावर बसायला लागले. कोळ्यांनी गणपतीला नवस बोलला, की कायमची जागा मिळू दे. पण नुसता नवस बोलून थांबले नाहीत. त्या वेळचे नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहा, डॉ. कोरगावकर आणि इतर मंडळी मागे लागली, आणि जमीनमालक रजबअली तय्यबअली यांनी जागा द्यायचं कबूल केलं. बाजार उभा राहिला आणि १२ सप्टेंबर १९३४ ला कोळी पेहरावातला गणपती बसला. आज ज्याच्या दर्शनाला लोक रात्र-रात्र रांगेत उभे राहतात तो हाच, लालबागचा राजा. आजी म्हणायची, "देव पावला खरा, पण अर्ज मेंबरनं नेला होता." गुजराती नगरसेवक, मुसलमान जमीनमालक, कोळ्यांचा नवस आणि घाटी-कोकणी गिऱ्हाईक, असा तो बाजार होता. रांगेतल्या किती जणांना हे कोणी सांगतं?

असाच दुसरा दाखला केईएमचा. १९२६ मध्ये परळला कॉर्पोरेशनचं हे रुग्णालय आणि गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. देणगीदारांची अट होती की डॉक्टर हिंदी असावेत, गोरे नकोत. ते फोर्टात किंवा गिरगावात न होता एफ वॉर्डात झालं, हे आमच्या वस्तीचं भाग्य. आमच्या घरातले सगळे जन्म आणि बरेचसे मृत्यू त्याच आवारात झाले. मत नसलेल्या माणसांना रुग्णालय मिळालं, बाजार मिळाला, नळ मिळाला. सगळं उशिरा, सगळं मागून, पण मिळालं.

१९४८ मध्ये भाड्याची अट गेली आणि कॉर्पोरेशनची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मतदानानं झाली. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला अजून तीनेक वर्षं होती, म्हणजे आमच्या आजीनं पंडित नेहरूंच्या आधी वॉर्डाच्या मेंबरला मत दिलं. ती तेव्हा गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. म्युनिसिपालटीच्या शाळेत बायकांची वेगळी रांग, कडेवर पोरं, आणि आत टेबलावर बसलेला बाबू. वॉर्डातून एक नव्हे, अनेक सभासद निवडून जायचे. आजीला ते पटलं नाही. तिनं बाबूला विचारलं म्हणे, "येवढी माणसं कशाला? एकच द्या, पण पानी पुरतं द्या." बाबू हसला की रागावला, हे दर वेळी वेगळं असायचं. आजोबा त्या दिवशी नवा सदरा घालून गेले, आले ते गप्प बसले. काय वाटलं विचारलं तर म्हणाले, "काय वाटायचं? कागूद टाकला."

थोरल्या काकांचा काळ इथून पुढचा. त्यांच्या तोंडी संयुक्त महाराष्ट्र समिती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. १९५७ च्या कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत त्यांनी घरोघर स्लिपा वाटल्या. समिती जिंकली. आचार्य मो. वा. दोंदे महापौर झाले. केईएमचा रस्ता आज त्यांच्याच नावाचा आहे. १९५८ मध्ये शां. स. मिरजकर महापौर झाले. तेच मिरजकर, ज्यांना आजोबांनी नागू सयाजीच्या वाडीत जमिनीवर बसून ऐकलं होतं आणि ज्यांना मीरतला नेलं होतं. त्यांच्यानंतर पु. ता. बोराळे. काका ही तीन नावं अजूनही एका दमात घेतात. चाळीत त्या वर्षी मिठाई वाटली. आजोबांना मिरजकरांचं कौतुक होतंच, पण म्हणायचे, "आधी त्यो आनि आपन एकाच वाडीत. आता त्यो आत, आनि आपन अर्ज घेऊन भायेर." काकांना हे बोलणं लागायचं. दोघांचं त्यावरून वाजायचं आणि आजी मधे पडून म्हणायची, "पानी आलंय, भरा आधी."

समिती पुढे फुटली, तो भाग सांगताना काका भरभर जातात. मीही भरभर जातो. १९५० मध्ये आणि मग १९५७ मध्ये हद्द वाढून शहर दहिसर-मुलुंडपर्यंत गेलं होतं. अक्षरांचे मोठे वॉर्ड निवडणुकीला पुरे पडेनात. साठच्या दशकात एका प्रभागातून एकच नगरसेवक ही पद्धत आली आणि १९६८ ची निवडणूक १४० प्रभागांत झाली. काँग्रेसला ६५ जागा मिळाल्या, आणि दोन वर्षांच्या शिवसेनेनं ४२ घेतल्या. परळ-लालबागात भगवा चढायला लागला तो इथपासून. लोकांना हे आठवतं. त्याच वर्षी एफ वॉर्ड हा मतदारांचा वॉर्ड उरला नव्हता, त्याचे आकडे झाले होते, हे कोणाला आठवत नाही. काकांनाही नाही, मी दाखवून दिल्यावर त्यांनी खांदे उडवले.

मला मात्र तो बदल मोठा वाटतो. अनेक सभासदांच्या वॉर्डात गोंधळ होता, जबाबदारी कोणाची ते कळत नसे, माटुंग्याचा वकील लालबागच्या संडासांबद्दल बोलायचा. हे सगळे दोष मान्य. पण त्या पद्धतीत उमेदवाराला कोकणी, घाटी, तेलुगू, भय्या, मुसलमान, कोळी अशा सगळ्यांकडे हिंडावं लागे. लहान प्रभागात एका बाजूच्या चार चाळी आणि एक झोपडपट्टी हातात असली की भागतं. "आपला नगरसेवक" मिळाला, आणि त्याबरोबर इतरांचे नगरसेवकही झाले. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट नेते कृष्णा देसाईंचा खून झाला. ते आधी नगरसेवक होते आणि १९६७ पासून आमदार. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या गल्लीत आता कुठल्या टोकाला कुठल्या बाजूची माणसं राहतात हे ठाऊक असावं लागतं. त्या आठवड्यात आजोबांनी गॅलरीतली खुर्ची आत घेतली.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. आजोबा त्याआधी वारले हे बरं झालं. १९८५ मध्ये १७० जागांपैकी ७४ जिंकून शिवसेना कॉर्पोरेशनमध्ये सत्तेवर आली. १९२८ मध्ये सहा महिने गिरण्या थांबवणाऱ्या लोकांना मत नव्हतं. आता प्रत्येकाला मत होतं आणि गिरणी नव्हती. काका संपात होते. गिरणी गेल्यावर त्यांनी काही वर्षं वडापावची गाडी लावली, मग एका सोसायटीत रखवालदारी केली. त्या सोसायटीची जागा पूर्वी गिरणीचीच.

आज स्प्रिंग मिलच्या जागी टॉवर आहेत. प्रभाग १९९२ ला २२१ झाले, २००२ ला २२७. २०१२ पासून निम्मे प्रभाग बायकांसाठी राखीव, आणि ते चांगलं आहे. आमच्या आजीला त्या काळी कोणी उभं केलं असतं तर परळला पाणी दोन वेळा आलं असतं. पण आरक्षणाची सोडत, लोकसंख्येचा हिशेब आणि सत्तेची सोय यांत दर निवडणुकीला आकडे फिरतात. २२७ चे २३६ झाले आणि एकही मतदान न होता पुन्हा २२७ झाले. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं मुंबई नगरसेवकांवाचून प्रशासकाच्या हाती चालली. आमच्या चाळीत मी सहज विचारलं, आपला प्रभाग क्रमांक कोणता? तीन बिऱ्हाडांनी तीन आकडे सांगितले. तिन्ही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या निवडणुकांचे.

काकांना मी म्हटलं, की मत नव्हतं तेव्हा बाजारासाठी सगळा वॉर्ड एकत्र यायचा, आणि आता मत आहे तर शेजारच्या खोलीचा प्रभागसुद्धा माहीत नाही. ते म्हणाले, "तेव्हा मोकळा वेळ होता." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "नव्हता रे. बारा-बारा तास काम होतं."

वॉर्डाची रेघ आजवर कधीच आमच्या माणसांना विचारून आखली गेली नाही: १८८८ मध्ये नाही, १९२२ मध्ये नाही, १९६८ मध्ये नाही. आता निदान विचारण्याची तरतूद आहे. प्रभागरचनेचा आराखडा निघाला की नकाशे लावतात, हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते. त्या मुदतीत येतात ते पक्षांचे लोक आणि इच्छुक उमेदवार. चाळीतलं माणूस क्वचित फिरकतं. म्हणून परळ-लालबाग-शिवडीच्या वाचकांना एक विनंती. पुढचा आराखडा निघेल तेव्हा एफ दक्षिणच्या कार्यालयात जा, नकाशावर आपली चाळ कुठल्या रेघेच्या कुठल्या अंगाला पडली ते बघा, बाजार आणि शाळा त्याच प्रभागात आहेत का तपासा, आणि नसतील तर लेखी हरकत द्या. एकट्यानं देऊ नका, चाळीच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घ्या.